परदेशी शिक्षण आणि घरची खरी खुशाली
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात रोहा येथे केलेले भाषण)



आपल्या भागाला परदेश नवा नाही. कोणी बोटीवर, कोणी आखातात, अशी आपल्यापैकी कित्येकांची घरे पत्रांची वाट पाहत वाढली. आता काही मुले-मुली शिक्षणासाठी बाहेर जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गेलेले मूल आणि मागे राहिलेले घर यांचा संबंध कसा टिकवावा, याचा विचार पासपोर्ट काढतानाच व्हायला हवा. याविषयी एक शेजारचे आणि एक माझ्या घरचे उदाहरण आपल्यापुढे ठेवतो.

शेजारचे उदाहरण मुरूड-जंजिऱ्याचे. जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांच्या भगिनी अतिया फैजी १९०६ च्या सप्टेंबरात मुंबईहून विलायतेस गेल्या आणि लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्या काळी टपाल आगबोटीने जात असे. घरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत महिना सहज उलटे. अतिया रोजनिशीप्रमाणे लिहीत आणि ते लेखन दुसऱ्या भगिनी झेहरा यांच्याकडे पाठवीत. काय शिकलो, कोणाची भेट झाली, काय पाहिले, हे सर्व त्यात असे. झेहरा यांनी ते लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवाँ’ या उर्दू साप्ताहिकात छापून आणले. ज्या भगिनींना घराचा उंबरठा ओलांडणे कठीण होते, त्यांनाही लंडनचे कॉलेज घरबसल्या कळले. पुढे १९२१ मध्ये या लेखनाचे ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झाले. अतिया अभ्यासक्रम पुरा न करताच १९०७ मध्ये परतल्या. तरीही त्यांनी जे शिकले-पाहिले, ते कितीतरी घरांत पोचले.

आता घरचे उदाहरण. माझा धाकटा भाऊ वैद्यकीय शिक्षणासाठी किर्गिझस्तानात होता. तिथले घड्याळ आपल्यापुढे अवघा अर्धा तास. रोज रात्री व्हिडिओ कॉल होई. एका पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भावाची परीक्षा तोंडावर होती. त्याला कळवायचे नाही, असे आई आणि मी ठरविले. “अब्बा मशिदीत गेलेत,” “अब्बा झोपलेत,” असे मी रोज हसतमुखाने सांगत होतो. तीन आठवड्यांनी गावातल्या कोणीतरी दुआसाठी मेसेज टाकला आणि त्याला सारे समजले. त्याने फोन करून एवढेच विचारले, “भाई, आता तू जे सांगशील ते खरे, हे मी कसे ओळखू?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो सुट्टीत आला, तोपर्यंत दुसऱ्या झटक्याने वडिलांची वाचा गेली होती. पहिल्या झटक्यानंतर ते अडखळत का होईना बोलत होते, त्याचे नाव घेत होते. ते बोल त्याच्या कानी पडू शकले असते. माझ्यामुळे पडले नाहीत. नंतर कळले की तोही एका विषयात नापास झाल्याचे आमच्यापासून लपवीत होता. रोज एकमेकांचे तोंड पाहणारे आम्ही, पण एकमेकांचे खरे हाल दोघांनाही ठाऊक नव्हते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आजारपण, कर्ज, घरातील अडचण मुलाला धीराने सांगा, पण सांगा. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही परीक्षेचा निकाल, प्रकृती आणि पैशाची ओढाताण घरापासून लपवू नका. आठवड्यातून एकदा तरी सविस्तर लिहा. फोनवर “जेवलास का?” “जेवलो,” एवढ्यावर बोलणे संपते, लिहायला बसले म्हणजे मनातले बाहेर येते. आणि तुमचे पत्र घरातील लहान बहिणीलाही वाचायला द्या. कदाचित तिचीही शिकण्याची वाट त्यातूनच निघेल.

झेहरा यांनी बहिणीची पत्रे जपली, म्हणून आज आपण ती वाचू शकतो. माझ्यापाशी त्या तीन आठवड्यांचे काही नाही. खोटी खुशाली जपून ठेवावी अशी नसते. आपल्या घरी असे घडू नये, एवढ्याचसाठी हे जाहीरपणे सांगितले.