खापरीवरचे नाव

मंडळी, आज ग्रीस देशातल्या अथेन्स शहराची गोष्ट सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वी तेथे लोकच राज्य चालवीत. (बायकांना आणि गुलामांना मात्र मत नव्हते.) एखादा पुढारी डोईजड वाटला, तर लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचे नाव कोरून मत देत. ६००० खापऱ्या जमल्या की दहा वर्षे हद्दपारी!

इसवी सनापूर्वी ४८२ साली अरिस्टायडीसवर ही पाळी आली. माणूस सरळ. लोक त्याला ‘न्यायी’ म्हणत. मतदानाच्या दिवशी एक निरक्षर खेडूत नेमका त्याच्यापाशीच आला. म्हणाला, “दादा, हिच्यावर अरिस्टायडीसचे नाव लिहून द्या.”

“त्याने तुमचे काय वाईट केले?”

“काही नाही हो. मी त्याला ओळखतही नाही. पण जो तो न्यायी, न्यायी म्हणतो. ऐकून कान किटले!”

दुसरे नाव लिहिले असते, तरी त्या बापड्याला कळले नसते. अरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचेच नाव लिहून दिले. तो हद्दपार झाला. दोन वर्षांत इराणची स्वारी आली, तेव्हा लोकांनी त्याला परत बोलावले.

ही गोष्ट प्लुटार्कने फार नंतर लिहिली. ती शब्दशः खरी असेलच असे आम्ही म्हणत नाही. पण खापऱ्या खऱ्या आहेत. १९३७ साली अथेन्समध्ये एका विहिरीत सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचेच नाव, आणि अक्षर अवघ्या चौदा जणांचे! विरोधकांनी वाटण्यासाठी त्या आधीच लिहून ठेवल्या असाव्यात.

आम्ही हे वर्गात सांगितले, तेव्हा एका आजींनी विचारले, “गुरुजी, घेणाऱ्याला वाचताच येत नसेल, तर नाव कोणाचे हे त्याला कसे कळायचे?”