गेटवर नाव विचारतात



आपल्या सिनेमात स्मृती जाते ती डोक्यावर मार बसून, आणि परत येते तीही पुष्कळदा दुसऱ्या फटक्यानं. या दुसऱ्या फटक्याला मेंदूचे डॉक्टर हसतात. १९८३च्या 'सदमा'त श्रीदेवी अपघातानंतर लहान मूल होते आणि बरी झाल्यावर सांभाळणाऱ्यालाच ओळखत नाही. पटकथेची मोठीच सोय! २००८च्या 'गजनी'तला नायक त्या मानानं आजाराच्या जवळ जातो. जुनं आठवतं, नवं पंधरा मिनिटांत पुसलं जातं. अमेरिकेत १९५३ साली फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन यांचं काहीसं असंच झालं. नवा ओळखीचा माणूस त्यांना दर भेटीत अनोळखीच.

धक्का बसला की माणूस सगळं विसरतो, हेही कथांचं आवडतं सूत्र. क्वचित तसं घडतं. पण बहुतेकांचं दुखणं असतं ते विसरता न येण्याचं. म्हणून मला प्रशांत दळवींचं 'ध्यानीमनी' हे नाटक जास्त खरं वाटतं. त्यातली बाई मूल नसल्याचं दुःख विसरत नाही, ती नसलेला मुलगाच वाढवते.

मला खरं बोलायचंय ते 'अस्तु'बद्दल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३चा चित्रपट. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झालाय. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची, म्हणजे मुळात मनोविकारतज्ज्ञाचीच. मुलगी गाडीतून उतरून जरा बाजूला जाते, तेवढ्यात शास्त्रीबुवा रस्त्यावरच्या हत्तीमागं निघून जातात. घरचे शोधत राहतात. इकडे माहुताची बायको चन्नम्मा या परक्या म्हाताऱ्याला आपल्या लेकरासारखं खाऊपिऊ घालते. त्याचं नाव तिला ठाऊक नाही आणि त्यावाचून तिचं अडतही नाही. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विद्वान गेला, पण माणूस उरला, हे घरच्यांच्या आधी तिला कळतं.

मी राहते पुण्याजवळच्या मारुंजीत. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि नोकरीतल्या मुलांनी गावाकडचे आईवडील इथं आणले. विसरायला लागलेल्या माणसाला जागा बदलणं फार जड जातं. संध्याकाळ झाली की अशी माणसं पिशवी भरतात, "चला, घरी जाऊ." आणि आमच्या गेटवर तर आधी नाव विचारतात, मग विंग, फ्लॅट नंबर, मोबाईलवर आलेला कोड. पाय मोकळे करायला गेलेल्या आजोबांना यातलं काहीच सांगता आलं नाही, तर स्वतःच्याच दारात ते परके.

एखाद्या कथाकारानं हे लिहावं. त्यात हत्ती नसेल. रात्रपाळीला बीडकडून नुकताच आलेला सुरक्षारक्षक असेल, आणि त्याचंही नाव अजून सोसायटीत कोणी विचारलेलं नसेल.