घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



मुलांच्या प्रकृतीविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. त्या विस्तीर्ण विषयांतील एकच लहानसा भाग आम्ही निवडला आहे. घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रात्री मोठ्याने घोरतो, तेव्हा 'दमून कसा गाढ झोपला आहे' असे आपण कौतुकाने म्हणतो. तोच मुलगा सकाळी दहा हाका मारूनही उठत नाही, वर्गात पेंगतो, परीक्षेत मागे पडतो. तेव्हा आपण त्यास आळशी ठरवितो. या दोन गोष्टींचा परस्परांशी, आणि दोहोंचाही त्याच्या हृदयाशी संबंध असू शकतो, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट मुळात अरुंद असली, तर ती मिटू लागते. लहान मुलांत ही वाट बहुधा वाढलेले टॉन्सिल व नाकामागील अ‍ॅडिनॉइड यांनी अडते. लठ्ठ मुलांत गळ्याभोवतीची चरबी त्यात भर घालते. श्वास अडला की रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, झोप मोडते. मुलगा धापकन श्वास घेऊन पुन्हा झोपी जातो. रात्रभर हे वारंवार घडते आणि सकाळी त्याला त्यातील काहीच आठवत नाही. यालाच डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

इंग्रज कादंबरीकार डिकन्स याने १८३६-३७ साली 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ, सदा पेंगणारा पोरगा रंगविला, आणि वाचक त्याला हसले. पुढे १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी लठ्ठपणा, पेंग आणि मंद श्वसन असलेल्या विकारास त्याच पुस्तकावरून नाव दिले. हसण्याचा विषय उपचाराचा विषय होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. आपल्या घरी इतका विलंब होऊ नये.

आता हृदयाकडे वळू. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा सुमारे दहा टक्के किंवा त्याहून अधिक उतरतो. हीच हृदयाची विश्रांती. श्वास अडणाऱ्या मुलाच्या शरीरात मात्र प्रत्येक वेळी धोक्याची घंटा वाजते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार एकंदर मुलांत हा विकार १ ते ६ टक्के आढळतो, पण लठ्ठ किशोरांत ३० ते ६० टक्के. उच्च रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांचा बिघाड, आणि तीव्र विकारात फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवरील ताण ही त्याची फळे होत. शिवाय अपुऱ्या झोपेने भूक वाढते, थकव्याने खेळ सुटतो आणि वजन आणखी चढते. असे हे दुष्टचक्र आहे.

'खात्यापित्या घरचे मूल, वयाबरोबर उतरेल', असे कोणी म्हणेल. पण भारतीयांना मधुमेह व हृदयविकार तुलनेने कमी वजनावरच गाठतात. हे जाणून इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१५ सालच्या वाढतक्त्यांत जादा वजनाची रेषा प्रौढांच्या २५ ऐवजी २३ या देहभारांकाशी जुळविली आहे. 'बाळसेदार' या शब्दाचा अर्थ पाचव्या महिन्यात एक आणि पंधराव्या वर्षी दुसरा, हे ध्यानी धरावे.

मग करावे काय? घोरणारे प्रत्येक मूल रोगी नसते. परंतु आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणे, मध्येच श्वास थांबणे, धापकन जागे होणे, सकाळी डोके दुखणे, अंथरूण ओले होणे, दिवसा पेंगणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांस दाखवावे. निदान रात्रभराच्या निद्रातपासणीने होते. टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड वाढले असल्यास शस्त्रक्रियेने पुष्कळांस गुण येतो. लठ्ठ मुलांत विकार उरण्याचा संभव असल्याने पुन्हा तपासणी करावी लागते. काहींस श्वासाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र लावतात; ते १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणले. वजन उतरविणे हा तर उपचाराचा पायाच. पण उपासाने नव्हे, तर घरातील सर्वांचे ताट बदलून, रोजच्या खेळाने आणि रात्रीच्या आठ ते दहा तासांच्या झोपेने.

मुलीचे घोरणे लग्नाच्या काळजीने लपविण्याची आपली रीत आम्हांस विशेष घातक वाटते. लपविलेल्या रोगाला उपचार नाही.

मंडळास आमची एक विनंती आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांच्या गुणगौरवास सारी मुले एकत्र जमतात. त्याच दिवशी त्यांची उंची, वजन व रक्तदाब मोजण्याची सोय करावी. आपल्या ज्ञातीत डॉक्टरांची वाण नाही. पंगतीत मुलांना जिलबीचा आग्रहही थोडा आवरावा. आणि पालकांनी आज घरी गेल्यावर, दिवा मालविल्यानंतर, मुलाच्या उशाशी दहा मिनिटे बसून त्याचा श्वास ऐकावा. त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार त्यानंतरचा.