संगणकाची स्मृति आणि घरांतील जुनीं छायाचित्रें



२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. त्याच पावसांत उल्हास व वालधुनी या नद्यांचें पाणी कल्याणच्या सखल भागांत शिरलें. तळमजल्यावरील घरांतून जें जें भिजलें त्यांत धान्य होतें, कपडे होते, गाद्या होत्या. त्यांची भरपाई मागेंपुढें होऊं शकली. परंतु कपाटाच्या खालच्या कप्प्यांत ठेवलेले छायाचित्रांचे आल्बम भिजले, त्यांची भरपाई कोणत्याच बाजारांत मिळण्यासारखी नव्हती. या गोष्टीस वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीहि डाग पडलेलीं, कडा खाल्लेलीं तीं चित्रें टाकून देण्याचा धीर कोणास होत नाहीं. तीं पिशवींत बांधून ठेवलेलीं असतात. आतां घरांतील नातवंडें तीं स्कॅन करून संगणकावर दुरुस्त करूं पाहतात, आणि काम अर्ध्यावर आलें असतां पडद्यावर सूचना उमटते कीं, स्मृति अपुरी आहे. मग घरांतील लहानथोर एकच उपाय सांगतात : "बंद करून पुन्हां चालू कर." हा उपाय कां लागू पडतो, केव्हां पडत नाहीं, आणि तो उतावीळपणें केल्यास काय गमवावें लागतें, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

संगणकाच्या ठिकाणीं दोन प्रकारच्या जागा असतात, आणि या दोहोंची गल्लत हें बहुतेक घोटाळ्यांचें मूळ आहे. एक डिस्क व दुसरी रॅम. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर डिस्क म्हणजे वही आणि रॅम म्हणजे फळा. वहींत लिहिलेलें राहतें. फळ्यावर लिहिलेलें तास चालूं असेपर्यंतचें. गणित मात्र फळ्यावरच सुटतें, वही मिटलेली असतांना सुटत नाहीं. दुकानदार जेव्हां "पांचशें जीबीचा संगणक" म्हणतो तेव्हां तो वहीच्या पानांविषयीं बोलत असतो. फळा बहुधा चार किंवा आठ जीबीचाच असतो. "एवढी जागा रिकामी असतां हा स्मृति नाहीं कसें म्हणतो?" हा प्रश्न येथूनच उद्भवतो.

या फळ्यावरील खडूहि मोठा विलक्षण आहे. रॅममधील प्रत्येक बिंदु म्हणजे एक अतिसूक्ष्म विद्युत्‌संचय असतो व तो सतत गळत असतो. म्हणून यंत्र सर्व फळा सेकंदाला पंधरा-सोळा वेळां पुनःपुन्हां गिरवीत बसतें. वीज गेली कीं गिरवणारा हात थांबतो आणि क्षणार्धांत फळा कोरा होतो. ही युक्ति आय. बी. एम. मधील रॉबर्ट डेनार्ड या शास्त्रज्ञाची. तिचें पेटंट १९६८ सालीं त्यांस मिळालें. आपल्या खिशांतील फोनपर्यंत सर्वत्र आज तीच चालते.

आतां एका चित्रास किती फळा लागतो तें पाहूं. चार इंच रुंद व सहा इंच उंच असें जुनें चित्र घ्या. तें इंचाला १२०० ठिपके या मापानें स्कॅन केलें तर आडवे ४८०० व उभे ७२०० मिळून ३ कोटि ४५ लक्ष ६० हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यास तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाचा एकेक असे तीन बाइट लागतात. म्हणजे सुमारें १० कोटि ३७ लक्ष बाइट झाले. डिस्कवर हेंच चित्र जेपेग रूपानें घडी घालून ठेवलेलें असल्यामुळें लहानसें दिसतें, आणि लोक म्हणतात, एवढ्याशा फाइलीला एवढा अवडंबर कशाला? परंतु काम करावयाचें तर घडी मोडून सबंध लुगडें पसरावें लागतें. त्यावर दुरुस्तीसाठीं चार थर, म्हणजे लेयर, चढविले कीं आंकडा पन्नास कोटींवर जातो. रंगाची खोली आठ बिटांवरून सोळा केली कीं तो दुप्पट होतो. शिवाय केलेली कृति मागें घेतां यावी म्हणून फोटोशॉपसारखा कार्यक्रम प्रत्येक पायरीची आठवण राखून ठेवतो. आजच्या फोटोशॉपमध्यें अशा ५० पायऱ्या मुळांतच नेमून दिलेल्या असतात. ब्रशाचा एखादा फटकारा मारला तर फारसें कांहीं सांठत नाहीं. पण सबंध चित्रावर परिणाम करणारी कृति दहा वेळां केली कीं फळा कांठोकांठ भरतो.

तुलनेसाठीं एक गोष्ट सांगतों. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक १९६० सालीं चालू झाला. भारतांत घडविलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांत त्याची गणना होते. त्याची सारी स्मृति २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे आजच्या हिशेबानें अवघे १०,२४० बाइट. त्यावर शास्त्रज्ञ गहन गणितें सोडवीत. आपल्या आजीच्या एका चित्रास तसल्या दहा हजार यंत्रांची स्मृति लागते! यंत्र बिचारें दमलें तर त्यांत त्याचा काय दोष?

तेव्हां पहिला उपाय पुन्हां चालू करण्याचा नव्हे, ओझें कमी करण्याचा आहे. घरच्या चौकटींत लावावयाच्या चित्रास इंचाला ६०० ठिपके पुष्कळ झाले. आंकडा निम्मा केला कीं भार एकचतुर्थांश होतो. झालेले थर एकत्र करावे. फोटोशॉपच्या एडिट या यादींत 'पर्ज' म्हणून एक आज्ञा आहे, ती जुन्या पायऱ्यांची आठवण पुसून जागा मोकळी करते. अर्थात् त्यानंतर मागें फिरतां येत नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें. त्याच कार्यक्रमाच्या सोयी-पसंतींत रॅमचा किती हिस्सा त्यानें घ्यावा हें ठरवितां येतें. मुळांत तो शेंकडा ७० असतो. उत्साही तरुण तो शंभर करून टाकतात. ही मोठी चूक होय, कारण मग खुद्द विंडोजला उभें राहण्यास जागा उरत नाहीं व सर्वच यंत्र रांगूं लागतें. ज्यांस दरमहाचें भाडें परवडत नाहीं त्यांच्यासाठीं गिम्प हा फुकट मिळणारा कार्यक्रम आहे; बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनीं तो १९९५ सालीं लिहावयास घेतला. त्यांतहि मागें घेण्याच्या पायऱ्या व त्यांस द्यावयाची स्मृति यांना मर्यादा घालतां येते. माझें मत विचाराल तर घरच्या चित्रांचे डाग काढण्यास गिम्प पुरेसा आहे.

आणखी एक सूचना पुष्कळांस बुचकळ्यांत पाडते : "स्क्रॅच डिस्क भरली आहे." फळा पुरेनासा झाला कीं फोटोशॉप डिस्कवरील रिकाम्या जागेंत कच्चें काम करूं लागतो. ती जागाहि संपली कीं ही सूचना येते. येथें नवी रॅम विकत आणणें हा मुख्य उपाय नव्हे. डिस्क मोकळी करणें हा होय. लग्नांचीं चलच्चित्रें, एकाच सहलीच्या तीन तीन प्रती, यांनीं सी ड्राइव्ह भरलेला असतो. कार्यक्रम मध्येंच कोसळला असेल तर त्याच्या तात्पुरत्या फाइली मागें राहून जातात; कार्यक्रम बंद असतांना त्या खुशाल काढून टाकाव्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पुन्हां चालू केल्यानें गुण कां येतो? शाळेंत फळ्याच्या कोपऱ्यांत चौकट आंखून "पुसूं नये" असें लिहिण्याची चाल आहे. समजा, दर तासाचा शिक्षक अशी एक चौकट आंखतो आणि ती पुसण्याचें विसरून निघून जातो. शनिवारपर्यंत लिहावयास वीतभर जागा राहणार नाहीं, आणि गंमत ही कीं त्या चौकटींतील मजकूर कोणासच नको असतो. संगणकावरील सदोष कार्यक्रम नेमकें हेंच करतात. स्मृति मागून घेतात व परत करीत नाहींत. यालाच स्मृतीची गळती म्हणतात. नुसता तो कार्यक्रम मिटला कीं त्याच्या चौकटी विंडोज स्वतः पुसतें. म्हणून आधीं चित्र जतन करावें, कार्यक्रम मिटून पुन्हां उघडावा, बहुधा तेवढ्यानें भागतें. कोण किती जागा अडवून बसला आहे हें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्यानें उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्यें दिसतें. पुष्कळदां गुन्हेगार चित्राचा कार्यक्रम नसतोच. शेजारीं चाळीस पानें उघडून बसलेला ब्राउझर असतो.

परंतु चौकटी आंखणारा स्कॅनरचा किंवा पडद्याच्या कार्डाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, असला तर कार्यक्रम मिटून उपयोग होत नाहीं. तेथें सबंध फळा ओल्या फडक्यानें पुसणें प्राप्त होतें. याचें नांव रीबूट. हा शब्द पायांतील बुटाशींच नातें सांगतो : बुटाचा पट्टा धरून आपणच आपणांस उचलणें अशी इंग्रजींत म्हण आहे, कोरें यंत्र डिस्कवरून प्रथम एक चिमुकला कार्यक्रम वाचतें, तो मोठ्या कार्यक्रमास बोलावतो, आणि यंत्र आपल्याच बळावर उभें राहतें.

येथें एक बारीक गोष्ट आहे. ती संगणक रोज वापरणाऱ्यांसहि माहीत नसते. २०१२ मध्यें आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय बहुतेक यंत्रांवर चालू असते. आपण 'शट डाऊन' म्हटलें कीं आपले कार्यक्रम मिटतात, पण विंडोजच्या गाभ्याची व चालकांची जी स्थिति फळ्यावर असते ती जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि सकाळीं पुन्हां फळ्यावर उमटविली जाते. शिपायानें धडे पुसावे, पण "पुसूं नये"च्या चौकटी वहींत उतरवून घेऊन दुसऱ्या दिवशीं इमानें इतबारें पुन्हां काढाव्या, तसा हा प्रकार. म्हणून "रात्रीं बंद केला होता, सकाळीं चालू केला, तरी तेंच रडगाणें" अशी तक्रार येते. 'रीस्टार्ट' म्हटल्यास मात्र हें उतरवून घेणें होत नाहीं. फळा खरोखर कोरा होतो. नांवावरून उलट वाटतें खरें, पण दुखण्यावर औषध रीस्टार्ट हेंच, शट डाऊन नव्हे.

आणि बटण दाबून धरून यंत्राचा गळा आवळणें? तें अगदीं शेवटचें. पडदा गोठला म्हणजे काम थांबलेंच असें नाहीं; डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर यंत्र फळ्यावरील मजकूर वहींत लिहून काढीत असतें. त्या वेळीं वीज तोडली तर लिहिली जात असलेली फाइलच अर्धवट राहते, आणि ती आपल्याच चित्राची असूं शकते. दहा मिनिटें थांबावें. चहा घ्यावा. २०१२ च्या सहाव्या सी. एस. आवृत्तीपासून फोटोशॉप दर दहा मिनिटांनीं चालू कामाची नोंद आपण होऊन ठेवतो. त्यामुळें कार्यक्रम कोसळल्यास बरेंचसें परत मिळतें. तथापि त्या भरंवशावर राहूं नये. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें मुंबईबाहेर भारनियमनाचीं होतीं. त्या दिवसांत आमच्या बाजूच्या स्टुडिओवाल्या पोरांचा डावा हात कंट्रोल व एस या कळांवर जणूं खिळलेला असे. ती संवय आजहि मोलाची आहे, कारण पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं.

कधीं कधीं यंत्र चालूच होत नाहीं, नुसत्या शिट्या मारतें. दुरुस्तीवाला येतो, रॅमची पट्टी उपसतो, तिच्या सोनेरी कडेवर पेन्सिलीचें रबर घासतो, पुन्हां बसवितो आणि यंत्र सुरू होतें. यांत जादू नाहीं. खाडीकांठची दमट हवा व धूळ यांनीं त्या कडेवर पुट चढतें व स्पर्श नीट होत नाहीं. तो रबरानें साफ होतो. मात्र चालत्या यंत्रावर "स्मृति अपुरी" अशी सूचना येत असतां रबर घासण्याचे पैसे कोणी मागितले तर ते देण्याचें कारण नाहीं. दोन्ही दुखणीं वेगळीं आहेत. पट्टीच बिघडली असल्याचा संशय आला तर विंडोजमध्येंच स्मृति तपासण्याचें साधन आहे. तें रात्रीं लावून ठेवावें.

नवी रॅम घेण्यासाठीं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जाणारांस एवढेंच सांगणें आहे कीं, आधीं आपलें विंडोज बत्तीस बिटी कीं चौसष्ट बिटी हें पाहून जावें. बत्तीस बिटांत सुमारें ४२९ कोटि बाइटांपलीकडे मोजतांच येत नाहीं, आणि त्यांतूनहि एका कार्यक्रमाच्या वांट्यास बहुधा निम्मेच येतात. अशा यंत्रांत सोळा जीबी घातली तरी ती न वाचलेल्या पुस्तकासारखी पडून राहील. आजच्या फोटोशॉपला कमींत कमी आठ जीबी लागतात व सोळा असाव्या असें त्याचे कर्तेच सांगतात. शिवाय डीडीआर तीनची पट्टी डीडीआर चारच्या खांचेंत बसत नाहीं. जुनी पट्टी नमुन्यासाठीं खिशांत टाकून नेलेली बरी.

त्या भिजलेल्या चित्रांविषयीं दोन शब्द राहिले. कांचेला चिकटलेलें चित्र ओढून काढूं नये. रंगाचा थर कांचेवरच राहतो. कांचेसकट स्कॅन करावें. स्कॅन केलेली मूळ फाइल टिफ रूपांत निराळी ठेवून तिला हात लावूं नये, तिची दुसरी प्रत करून दुरुस्ती तिच्यावर करावी, आणि मूळ फाइलीची एक प्रत दुसऱ्या घरीं, शक्यतों वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नातलगाकडे, ठेवावी. एका वेळीं एकच चित्र उघडावें. तें पुरें करून, जतन करून, मिटून मग दुसरें घ्यावें. पंचवीस चित्रें एकदम उघडून बसणाऱ्याचें यंत्र सोळा जीबींतहि अडखळेल.