पहिलीचा वर्ग

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक-वितरण समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या व्यासपीठावर दहावी-बारावीत उज्ज्वल यश मिळविलेल्या मुलामुलींचा आपण गौरव केला. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करते. परंतु या टाळ्या चालू असताना माझ्या मनात एक विचार येत होता. यांतील प्रत्येक गुणवंत कधीतरी पहिलीच्या वर्गात बसून पाटीवर वेडीवाकडी रेघ ओढत होता. त्या वेळी त्याचे बोट कोणी धरले होते हे आज त्याला आठवेलच असे नाही. इमारत उभी राहिली की पाया दिसत नाही, तसेच हे आहे. म्हणून आज मी त्या न दिसणाऱ्या पायाविषयी, म्हणजे प्राथमिक शाळेच्या वर्गाविषयी चार शब्द बोलणार आहे.

लहान मुलांना शिकवणे सोपे असते, असा आपल्याकडे एक समज आहे. 'पहिलीच तर आहे, कोणीही शिकवील,' असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः गोष्ट उलटी आहे. दहावीच्या मुलाला समजले नाही तर तो विचारतो, पुस्तक उघडून पाहतो, मित्राची वही मागतो. सहा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय समजले नाही हेच सांगता येत नाही. ते शिक्षकाने त्याच्या चेहऱ्यावरून, त्याच्या बोटांच्या हालचालीवरून ओळखायचे असते. हे वेगळे कसब आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरता येणार नाही, त्यासाठी प्राथमिक शिक्षणाचीच पदविका हवी, असा निर्णय दिला, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

आता प्रत्यक्ष वर्गात येऊ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. ज्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून ६० पर्यंत मुले आहेत, तिला दोन शिक्षक मिळतात. कागदावर हा हिशेब बरोबर आहे. पण शिक्षक दोन आणि इयत्ता चार किंवा पाच, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग एकाच वेळी आले! पहिलीला अक्षर गिरवायला बसवावे, तोवर तिसरीचा गुणाकार तपासावा, तो तपासून होईपर्यंत पहिलीत दोघांची पेन्सिलीवरून मारामारी सुरू झालेली असते. अशातच पोषण आहाराची नोंद, हजेरीपट आणि ऑनलाइन भरायची माहिती हीही कामे वाट पाहत असतात. खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेचा दिवस हा असा जातो.

शिवाय त्या तीस मुलांतही सारखेपणा नसतो. एक मूल अंगणवाडीतून गाणी शिकून आलेले असते, तर दुसऱ्याने पेन्सिल पहिल्यांदाच हातात घेतलेली असते. एखाद्याचे वडील आखातात नोकरीला, घरी आई आणि आजी. दुसऱ्याचे आईवडील दोघेही पहाटे कामावर जाणारे, म्हणून धाकट्या भावंडाला सांभाळून तो शाळेत येतो. सर्वांना एकच धडा, एकच वेळ आणि एकच गती लावली तर निम्मा वर्ग मागे राहतो.

आपल्या समाजातील मुलांपुढे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे भाषा. कोणाच्या घरी कोकणी बोली, कोणाच्या घरी दखनी किंवा उर्दू, आणि शाळेत प्रमाण मराठी. सकाळी मकतबात मूल अरबी कायदा उजवीकडून डावीकडे वाचते. दोन तासांनी शाळेत मराठीचे पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचते. त्यातच इंग्रजीची तिसरी अक्षरे. सुरुवातीला असे मूल वहीच्या कोणत्या बाजूने लिहायचे याच विचारात पडले, तर ते मंद आहे असे कृपा करून समजू नका. एका वेळी तीन लिप्यांशी ओळख करून घेणारे मूल हुशारच म्हटले पाहिजे.

शब्दांचेही तसेच. उर्दू बोलणाऱ्या घरात 'ळ' नाही. म्हणून मूल 'फळ' न म्हणता 'फल' म्हणते. घरी 'बाल' म्हणजे केस आणि शाळेत 'बाळ' म्हणजे तान्हे मूल. घरी 'तालीम' म्हणजे शिक्षण, आणि मराठीत 'तालीम' म्हणजे पैलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. घरी 'किताब' स्त्रीलिंगी, शाळेत 'पुस्तक' नपुंसकलिंगी. अशा वेळी इतर मुले हसतात आणि ते मूल तोंड मिटून घेते. ते तोंड पुन्हा उघडायला कधी कधी सहा महिने लागतात. चांगला शिक्षक त्याचा घरचा शब्द आधी मान्य करतो आणि मग त्याच्या शेजारी शाळेचा शब्द ठेवतो. मुलाच्या मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे आपल्या राज्यघटनेचे ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांबाबत सांगते. तो केवळ हक्काचा प्रश्न नाही, मुलाच्या समजुतीचाही आहे.

आता गणित घ्या. '२३' ही संख्या आपण लिहिताना आधी दोन लिहितो, पण 'तेवीस' म्हणताना कानावर तीन आधी पडते. उर्दूतल्या 'तेईस'चीही तीच गत. मग मूल ३२ लिहिते. 'एकोणतीस' ऐकले की तीस ऐकू येते आणि मूल ३९ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असेही वाचन दिले गेले तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला, हे आपणांस स्मरत असेल. वादात कोणाची बाजू खरी हा आजचा विषय नाही. परंतु ज्याने पहिली-दुसरी शिकविली आहे त्याला ही अडचण खोटी वाटणार नाही. त्यावर उपाय साधा आहे: दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, सुट्या काड्या आणि भरपूर वेळ. दोन गठ्ठे आणि तीन काड्या मुलाने स्वतःच्या हाताने मांडल्या की पुढे चूक होत नाही. मात्र तो वेळ द्यायची शिक्षकाची आणि पालकाची तयारी हवी.

बंधु-भगिनींनो, मी एवढ्या बारीक गोष्टी का सांगते आहे? कारण दुसरी-तिसरीपर्यंत मुलाला वाचायचे कसे हे शिकायचे असते, आणि त्यापुढे वाचूनच बाकीचे सारे शिकायचे असते. तिसरी संपताना ज्याला ओळ वाचता येत नाही, त्याला चौथीत परिसर अभ्यास येत नाही, पाचवीत गणिताचे शाब्दिक उदाहरण येत नाही, आणि आठवी-नववीत तो शाळा सोडतो. आपण म्हणतो मुलगा नववीत गळाला. खरे म्हणजे तो दुसरीतच गळालेला असतो, आपल्याला कळते नववीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन, लेखन व अंकज्ञान आले पाहिजे यावर सर्वाधिक भर दिला आहे तो यामुळेच. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ लहान मुलांचे वर्ग भरले नाहीत. ज्यांची पहिली-दुसरी त्या काळात गेली ती मुले वरच्या वर्गांत वाचताना कशी अडखळत होती, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे.

शिक्षेविषयीही बोलले पाहिजे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. पुष्कळ काळपर्यंत आपल्या शाळांत हे दोन अर्थ एकच होते! काही पालक आजही मुलाला शाळेत घालताना म्हणतात, 'बाई, कातडी तुमची, हाडे आमची.' त्यामागे विश्वास असतो हे मला ठाऊक आहे. तथापि शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही बंदी केली आहे, आणि कायदा नसता तरी माझे म्हणणे तेच राहिले असते. घाबरलेले मूल उत्तर शोधत नाही, ते शिक्षकाचा हात कुठे आहे ते पाहत असते. घरीही हेच लागू आहे.

इतक्या अडचणी सांगितल्या, मग या कामात मिळते काय? जे मिळते ते दुसऱ्या कोणत्या कामात मिळत असेल असे मला वाटत नाही. काही महिने एक मूल नुसती अक्षरे सुटी सुटी म्हणत असते: क, म, ल. आणि एके दिवशी, कसलीही सूचना न देता, ती तीन अक्षरे त्याच्या तोंडून एक शब्द होऊन बाहेर पडतात. ते स्वतःच थबकते, पुन्हा वाचते आणि मान वर करून पाहते. मग त्याला काही वाचायचे बाकी ठेवायचे नसते. एस.टी.वरची पाटी, किराणाच्या पुडीचा कागद, औषधाच्या बाटलीवरचे नाव, सारे काही. एकदा एक आई मला सांगत होती, 'बाई, आता दवाखान्यात कोणत्या दारातून जायचे ते माझी मुलगी वाचून सांगते.' ती आई स्वतः शाळेत गेली नव्हती. त्या घरात वाचन प्रथमच आले होते, तेही सात वर्षांच्या मुलीच्या पावलांनी. याहून मोठे पारितोषिक शिक्षकाला कोणते हवे?

या कामाची आपल्याकडे थोर परंपरा आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्यांना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात, आजारपणामुळे माहेरी नायगावला असलेल्या सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात, की आपल्यामागे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. इतिहासाने फातिमाबाईंविषयी फार थोडे टिपून ठेवले. पण जे टिपले आहे त्यातून कुरकुर न करता काम ओढणारी एक शिक्षिका आपल्याला दिसते. आपल्या मुलींपुढे याहून चांगला आदर्श कोणता ठेवावा?

आता शेवटी तीन विनंत्या. पहिली पालकांना. लग्न, पाहुणे, मामाचे गाव यांसाठी लहान मुलाची शाळा बुडवू नका. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरते. आठवड्याला एक दिवस चुकला तरी वर्षाकाठी तीसेक दिवस जातात, आणि पहिलीतला बुडालेला महिना सहजासहजी भरून निघत नाही. आपण स्वतः शिकलेले नसलात तरी रोज संध्याकाळी मुलाला जवळ बसवून 'आज काय वाचलेस ते मला वाचून दाखव,' एवढे म्हणा. ऐकणाऱ्याला अक्षर यावे लागत नाही.

दुसरी विनंती संस्थेला. सर्वांत अनुभवी, सर्वांत प्रेमळ शिक्षक दहावीला ठेवण्याची आपली रीत आहे. त्यांतील एक तरी पहिलीला द्या. दहावीचा निकाल आपोआप सुधारेल, फक्त नऊ वर्षे धीर धरावा लागेल.

तिसरी विनंती आज बक्षिसे घेतलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना. तुम्ही डॉक्टर व्हा, इंजिनीअर व्हा, आम्हांला अभिमान वाटेल. पण तुमच्यातील दोघा-चौघांनी तरी प्राथमिक शिक्षक व्हायचे मनात आणावे, आणि ते दुसरे काही जमले नाही म्हणून नव्हे, तर हेच करायचे आहे म्हणून. आपल्या वाड्या-मोहल्ल्यांत अजून अशी घरे आहेत जिथे पहिला वाचणारा जन्माला यायचा आहे. त्याचे बोट धरायला कोणीतरी हवे.