फौजी घरी आल्यानंतर



मानसशास्त्र, समाजकार्य आणि परिचर्या शिकून, पदवी घेऊन तुम्ही आज बाहेर पडत आहात. यशाची गुरुकिल्ली माझ्याकडे नाही. एक काम मात्र तुमच्यावर सोपवायचं आहे: युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या मनाकडे लक्ष देण्याचं.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून बुरूज उडवले, हजारो माणसं गमावली आणि पोर्तुगीजांकडून वसई घेतली. विजयाची खूण पक्की राहिली. तिथल्या चर्चमधल्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही आहेत. पण त्या सुरुंगांच्या धुरातून जिवंत परतलेल्यांना पुढे रात्री झोप लागत होती का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. डॉक्टरांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला तो फार उशिरा. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’वर, म्हणजे युद्धात सैनिकांच्या मनाला बसणाऱ्या धक्क्यावर लिहिलं, तेव्हाही अनेक अधिकाऱ्यांना त्यात भेकडपणाच दिसत होता. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर.

आपल्या सैन्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत, लष्करी रुग्णालयांत वॉर्ड आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून टेलि-मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा खास सैनिकांसाठीचा कक्ष सुरू झाला. तरीही जवान बोलत नाही. त्याची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या मोजमापावर ठरते आणि त्यातला पहिलाच घटक मानसिक आहे. श्रेणी उतरली तर बढती अडकेल, हातातली रायफल काढून घेतील, युनिटमध्ये चर्चा होईल, ही भीती त्याला असते. ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून तो सगळं गिळून पेन्शनपर्यंत पोचतो.

आणि मग तो आपल्याकडे येतो. चाळिशीच्या आसपास निवृत्त झालेला फौजी नालासोपाऱ्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी करतो. रात्रपाळी तो मागून घेतो, कारण झोप तशीही येत नाही. शेजारच्या आळीत हळदीच्या रात्री फटाके फुटले की तो घामाने भिजतो, मुलांवर खेकसतो, मग दोन पेग जास्त घेतो. दवाखान्यात तो ‘मला युद्धाच्या आठवणी छळतात’ असं कधीच म्हणत नाही. त्याची तक्रार असते अ‍ॅसिडिटीची, बीपीची, डोकेदुखीची. झोपेची गोळी मिळते, वर्षानुवर्षं चालू राहते. डायझेपामसारख्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, सवय मात्र लागते. चालतात त्या सर्ट्रालीनसारख्या औषधांच्या गोळ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आघातावर नेमकं काम करणारी, आठवड्यांमागून आठवडे चालणारी मानसोपचार पद्धती. पहिल्याच भेटीत ‘सगळं मोकळेपणाने सांगून टाका’ असा आग्रह धरू नका. त्याने मन हलकं होतं ही आपली समजूत आहे; काहींची अवस्था त्याने उलट बिघडते.

त्याला वीर म्हणून हारतुरेही घालू नका. आपल्या डोळ्यांदेखत सोबती गेला आणि आपण वाचलो, हा सल ज्याच्या मनात आहे, त्याला सत्कार टोचतो. दुसरं टोकही टाळा. प्रत्येक माजी सैनिक आजारी नसतो. बहुतेक जण कालांतराने सावरतात. आणि घरच्यांना विसरू नका. नवरा रात्री किंचाळून उठतो हे दहा वर्षं बघितलेली बायको तुम्हाला जे सांगेल, ते त्याच्या फायलीत नसतं.

हे काम वाढणार आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त एक चतुर्थांश अग्निवीर सैन्यात कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतात, तुमच्याच वयाचे, आणि पेन्शनशिवाय. कुणी अर्नाळ्यात परतेल, कुणी विरारला भाड्याच्या खोलीत राहील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार हा त्यांचा हक्क केला आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यांना तुम्हीच द्यायचा आहे.

तेव्हा उद्या ज्या दवाखान्यात, शाळेत किंवा संस्थेत रुजू व्हाल, तिथल्या नोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवून घ्या: ‘तुम्ही किंवा घरातलं कुणी सैन्यात होतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर दार लावून घ्या, खुर्ची पुढे ओढा आणि त्या माणसाला घाई करू नका.