घोडा, कोड आणि घोणस: सर्पदंशावरचा नवा रिसर्च आपल्या तालुक्यात कुठवर पोचलाय?

आज विषय साप. म्हणजे सापाचं विष आणि त्यावरचं औषध. जुन्नर-आंबेगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना पहिला बिबट्या आठवतो. त्याच्यावर न्यूज येते, रील बनते, मोर्चे निघतात. पण रात्रीची लाईट आली म्हणून उसाला दारं धरायला जाणाऱ्या माणसाच्या पायाखाली जे असतं, त्याची बातमी क्वचितच होते.

आधी एक आकडा. २०२० मध्ये 'ईलाइफ' या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे भातलावणी, सोयाबीन, टोमॅटोची बांधणी, सगळं याच महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं टार्गेट आहे.

आता हॉस्पिटलमध्ये जे इंजेक्शन देतात ते बनतं कसं? मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे वाचताना मला पहिला धक्का हाच बसला, की मूळ पद्धत १८९० च्या दशकातली आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात अँटीबॉडीज तयार होतात, रक्त काढायचं, त्या वेगळ्या करून शुद्ध करायच्या. शुद्धीकरण सुधारलं, पावडर करून बाटलीत भरायला लागले, पण पाया तोच. एवढं जुनं सिस्टिम प्रॉडक्शनमध्ये चालू असलेलं मी तरी दुसरं पाहिलं नाही. आणि ते चालतं, हे महत्त्वाचं. याच औषधाने लाखो जीव वाचलेत, आजही वाचतात.

आपल्याकडची लस (गावाकडे लसच म्हणतात, खरं तर ते प्रतिविष) चार सापांसाठी असते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चारही मिळून एकच बाटली. त्यामुळे कुठला साप चावला हे कळलं नाही तरी उपचार थांबत नाही. साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची अजिबात गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

पण यात एक गोची आहे. देशभरच्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतून, चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. १९७८ ची संस्था, मोठं काम. पण साप तिथले. आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची लॅब अनेक वर्षं हेच तपासतेय. २०२५ मध्ये त्यांच्या टीमने घोणसवर पेपर काढला. देशातल्या ३४ ठिकाणांहून ११५ घोणशींचं विष गोळा केलं आणि दाखवलं की कोरड्या प्रदेशातल्या घोणशीच्या विषात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स जास्त सक्रिय असतात.

आता आपला भूगोल आठवा. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाकडे धो धो पाऊस. आणि पूर्वेला बेल्हे, आणेच्या पठारावर टँकर. तासा-दोन तासांच्या प्रवासात हवामान पूर्ण पालटतं. शिवाय पश्चिमेच्या जंगलात हिरवा चापडा सापडतो, तो तर या चारच्या यादीतच नाही. त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण सूज आणि वेदना भयंकर.

तर मग नवीन काय चाललंय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, फेब्रुवारी २०२४. अमेरिकेतली स्क्रिप्स रिसर्च, इंग्लंडमधलं लिव्हरपूल आणि आपली बेंगळुरूची लॅब यांनी मिळून एक अँटीबॉडी शोधली. नाव रुक्ष आहे, ९५मॅट५. यात घोडा नाही. कोट्यवधी मानवी अँटीबॉडीजच्या लायब्ररीतून गाळत गाळत ही मिळाली. नाग, मण्यार, आफ्रिकेतला मांबा यांच्या विषात एक टॉक्सिन असतं, जे स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. नसेचा मेसेज स्नायूपर्यंत पोचतच नाही, मग श्वास थांबतो. ही अँटीबॉडी त्या रिसेप्टरचं सोंग घेते. टॉक्सिन फसून हिलाच चिकटतं. उंदरांना विष दिल्यावर वीस मिनिटांनी दिली तरी तिने काम केलं.

दुसरी मला सगळ्यात जवळची. डेव्हिड बेकर, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल. त्यांच्या टीमचा जानेवारी २०२५ चा 'नेचर'मधला पेपर. एआय इमेज जनरेटर ज्या डिफ्युजन मॉडेलवर चालतात, त्याच कल्पनेवर बनवलेलं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याला सांगितलं, या टॉक्सिनच्या आकारावर फिट बसेल असं प्रोटीन डिझाइन कर. निसर्गात कधी नव्हतं असं प्रोटीन कॉम्प्युटरवर बनलं, मग लॅबमध्ये. जीवघेण्या डोसनंतरही ८० ते १०० टक्के उंदीर जगले. हे प्रोटीन आकाराने छोटं आणि उष्णतेत टिकाऊ, आणि ते जिवाणूंमध्ये बनवता येतं. घोड्यांचा तबेला सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडेल अशी आशा आहे.

तिसरी गोष्ट सिनेमासारखी. टिम फ्रीडी नावाचा अमेरिकन माणूस. त्याने सुमारे १८ वर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं. (घरी करून बघू नका. खरंच.) त्याच्या रक्तातून दोन अँटीबॉडीज काढल्या, त्यात व्हॅरेस्प्लॅडिब नावाचं औषध मिसळलं. मे २०२५ मध्ये 'सेल' जर्नलमध्ये रिझल्ट आला: १९ जातींच्या विषांपैकी १३ पासून उंदरांना पूर्ण संरक्षण, उरलेल्या ६ पासून काही प्रमाणात.

व्हॉट्सॲपवर हे 'सगळ्या सापांवर एकच औषध सापडलं' म्हणून फिरलं. नाही सापडलं. तिन्ही पेपर नाग-मण्यार कुळाचे आहेत. घोणस आणि फुरसं वेगळ्या कुळातले. त्यांचं विष रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवतं, घोणस तर किडनीवर जाते, आणि त्यात टॉक्सिनचे प्रकार इतके की एका अँटीबॉडीने भागत नाही. आपल्या शेतात, उसाच्या पाचटात, बांधावर जी जाडजूड सुस्त घोणस पडलेली असते, तिच्यासाठी यातलं काहीच अजून तयार नाही. आणि तिन्ही उंदरांवरचे प्रयोग आहेत, माणसावर चाचण्या व्हायच्यात.

माणसावर चाचणी झालेली एक गोष्ट आहे, तेच व्हॅरेस्प्लॅडिब, गोळीच्या रूपात. भारत आणि अमेरिकेत ९५ जणांवर, नेहमीच्या प्रतिविषासोबत दिली. एकूण गटात ठोस फरक दिसला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना मिळाली त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली, पण पक्कं म्हणायला मोठी चाचणी लागेल. तरी मला सगळ्यात जास्त आशा या गोळीचीच वाटते, त्या एआय प्रोटीनपेक्षाही. कारण गोळी आशा ताईंच्या पिशवीत राहू शकते. आहुप्याचा माणूस डिंभ्याच्या पाण्याला वळसा घालून घोडेगाव, तिथून मंचरला पोचेपर्यंत जो वेळ जातो, तोच वेळ जीव घेतो.

आता यातलं काही येईपर्यंत काय? तर नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत गेली तीसेक वर्षं सर्पदंशावर काम करतायत. उपचार तर करतातच, पण गावोगाव, शाळांत जाऊन लोकांना शिकवतात. त्यांचं ध्येय 'सर्पदंशाने शून्य मृत्यू'. आणि डॉक्टरांच्या हातात एक टेस्ट असते, तिला मशीन लागत नाही. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, म्हणजे गोठलं नाही, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे. प्रतिविष सुरू. सुरुवातीला साधारण ८ ते १० बाटल्या. आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढाच डोस, कारण साप वय बघून विष सोडत नाही.

मण्यारीबद्दल मात्र नीट ऐका. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात बारीक. सूज नाही, दुखणं जवळपास नाही, कधी खूणही दिसत नाही. ऊसतोड कामगारांच्या कोपीत, कांदा चाळीशेजारी, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांत हे होतं. पहाटे माणूस उठतो, पोटात दुखतंय म्हणतो, मळमळतंय, घसा आवळतोय. घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली, सोडा देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं तोतरं होतं, आणि पुढे श्वास. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या उघडत नाहीत असं दिसलं, तर साप दिसला नसला तरी थेट हॉस्पिटल. यात प्रतिविषासोबत व्हेंटिलेटर लागू शकतो, त्यामुळे आधी फोन करून विचारा.

दंश झाला की अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा. हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा, पण आवळून दोरी बांधू नका. कापायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे नाही. १०८ ला फोन. गाडी लांब असेल तर बाईकवर मध्ये बसवा, मागे एकाने धरा, आणि निघा. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत मिळतं.

आणि हा एपिसोड संपला की एक काम करा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा की आत्ता, आज, प्रतिविषाच्या किती बाटल्या आहेत आणि रात्री डॉक्टर असतात का. उत्तर गावाच्या ग्रुपवर टाका. आम्हालाही पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.